सुटलेले टिंब

मी गेली ३२ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. सुरुवातीची १९ वर्षे पुण्यातील नारायण पेठेत एका छापखान्यात नोकरी केली. तो बंद झाल्यापासून प्रकाशकांकडून येणारी प्रुफे घरी बसून तपासते. दुसऱ्याच्या मजकुरातील चूक हेरणे हेच पोटापाण्याचे काम असल्यामुळे, बनावट ईमेलविषयीच्या बातमीत 'अशा मेलमध्ये शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका असतात, त्यावरून ते ओळखावेत' हे वाक्य आले की मी निश्चिंत होत असे. ज्या मेलमुळे माझे १८,४५० रुपये गेले, त्याच्या मजकुरात मला आजतागायत एकही चूक सापडलेली नाही.

तो दिवस २९ मार्च २०२५, शनिवार. महिन्यातला पाचवा शनिवार असल्यामुळे बँका चालू होत्या, पण मेल आला तो दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे माझ्या शाखेतील ग्राहकांची वेळ संपल्यावर. दुसऱ्या दिवशी रविवार आणि गुढीपाडवा, सोमवारी ईद असल्याने शाखा उघड्या होत्या त्या सरकारी व्यवहारांपुरत्या, मंगळवारी १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबबंदी. तेव्हा शाखेत जाऊन कोणाला काही विचारायचे तर बुधवारपर्यंत थांबणे भाग होते. पाठवणाऱ्याने ही वेळ सुट्ट्यांची यादी समोर ठेवूनच निवडली असावी, अशी माझी खात्री आहे.

मेल इंग्रजीत होता. त्याचा आशय असा की, आपल्या खात्याची केवायसी अद्ययावत झालेली नाही, वारंवार कळवूनही आपण दखल घेतली नाही, त्यामुळे आज रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी खाते स्थगित होईल. 'वारंवार कळवूनही' हे शब्द मला टोचले, कारण ते खरे होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कमी जोखमीच्या ग्राहकांची केवायसी १० वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्या ग्राहकांची ८ वर्षांतून एकदा आणि जास्त जोखमीच्या ग्राहकांची २ वर्षांतून एकदा नव्याने करावी लागते. माझे खाते २०१४ सालचे; त्यामुळे बँकेचे खरेखुरे पत्र फेब्रुवारीत टपालाने आले होते आणि मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवले होते. शिवाय एका प्रकाशकाचे वर्षभराचे मानधन ३१ मार्चच्या आत खात्यात जमा व्हायचे होते. खाते स्थगित झाले तर ते पैसे परत जातील आणि पुन्हा मिळवण्यासाठी पुढच्या आर्थिक वर्षात हिशेब विभागाच्या विनवण्या कराव्या लागतील, ही माझी भीती. पाठवणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसणार. त्याने तोच मेल हजारो लोकांना धाडला असेल. त्या हजारांत ज्यांची केवायसी खरोखर राहिलेली आहे असे काही जण निघणारच, आणि त्यांतली एक मी निघाले.

माझ्यापुढे टेबलावर एका चरित्रग्रंथाची सूची पसरलेली होती, पान क्रमांक ताडून पाहण्याचे काम अर्ध्यावर होते, आणि मेल मी फोनवर उघडला. बँकेचे बोधचिन्ह, नेहमीचा रंग, तळाशी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सर्व जागच्या जागी. तळाला तिरप्या ठशात बँकेची सूचनाही होती की, आम्ही ग्राहकांकडे पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही. ही सूचना बँकेच्या खऱ्या मेलमधून जशीच्या तशी उचललेली होती, आणि खरे सांगायचे तर तीच वाचून माझा विश्वास बसला. तिच्या शेजारी 'आमच्याविषयी', 'संपर्क', 'गोपनीयता धोरण' अशा ज्या जोडण्या (लिंक) होत्या, त्या बँकेच्या खऱ्या संकेतस्थळावरच नेणाऱ्या होत्या, हे पुढे तपासताना कळले. संपूर्ण मेलमध्ये खोटी अशी जोडणी एकच होती, ती मधल्या मोठ्या बटणाखाली.

बटण दाबल्यावर बँकेचे पान उघडले. ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड भरला. पुढच्या पानावर डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागच्या बाजूचे तीन आकडे विचारले. केवायसीसाठी कार्डामागचे तीन आकडे कशाला लागतात, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. तो बाजूला सारून मी आकडे भरले. मग ओटीपी आला. इथे जे घडले त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ओटीपीच्या संदेशात व्यवहाराची रक्कम, तो कोणत्या ठिकाणी होत आहे ते आणि ओटीपी कोणालाही देऊ नये हा इशारा, असे सगळे लिहिलेले असते. पण माझ्या फोनने संदेश उघडण्याची वेळच येऊ दिली नाही. त्यातले सहा आकडे त्याने स्वतःच उचलून कळफलकाच्या वरच्या पट्टीत आणून ठेवले आणि मी त्यांवर बोट टेकवले. अक्षर न् अक्षर वाचण्याचे ज्या बाईला पैसे मिळतात, तिने तो दोन ओळींचा संदेश वाचलाच नाही.

त्यानंतर पानावर एक चक्र फिरत राहिले आणि 'प्रक्रिया चालू आहे, पान बंद करू नये' अशी ओळ दिसू लागली. दोन मिनिटांनी 'ओटीपी चुकीचा आहे, नवा ओटीपी भरावा' असे उमटले. या वेळी का कोण जाणे, फोनने आकडे वर आणून दिले नाहीत. नाइलाजाने मी संदेशांची पेटी उघडली, आणि तिथे एकाखाली एक तीन संदेश दिसले: पहिला १८,४५० रुपयांच्या व्यवहाराचा ओटीपी, दुसरा ती रक्कम खात्यातून वजा झाल्याचा, तिसरा ४९,००० रुपयांच्या व्यवहाराचा ओटीपी. तिसरा मी भरला नाही. त्या वेळी ४ वाजून ५६ मिनिटे झाली होती. मेल येऊन सोळा मिनिटे.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड आणि इंटरनेट बँकिंग दोन्ही बंद करवले. बँकेचा क्रमांक गुगलवर शोधण्याचा विचार मनात आला होता. तो केला नाही हे माझे नशीब, कारण तिथे ग्राहक सेवेच्या नावाने खोटे क्रमांकही पेरलेले असतात. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ एवढेच विचारले. माझे वय, मी एकटी राहते का, मी असे कसे केले, यातले काही नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पोच क्रमांक संदेशाने आला आणि त्याच रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. पैसे कार्डावरून एका वॉलेटमध्ये आणि तिथून पुढे कुठेतरी गेले होते. वॉलेटमध्ये उरलेले ६,२०० रुपये तेवढे गोठवता आले, आणि ते न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्टमध्ये परत मिळाले.

उरलेल्या १२,२५० रुपयांसाठी मी बँकेकडे लेखी अर्ज केला. उत्तर आले की, व्यवहार ओटीपी वापरून झालेला असल्याने जबाबदारी ग्राहकाची आहे. मी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मिळवून वाचले, आणि उत्तर कोरडे असले तरी नियमाला धरून आहे हे मान्य करावे लागले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र कुठे आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्या परिपत्रकानुसार त्याच्यावर काहीही भार पडत नव्हता. मात्र ग्राहकाने स्वतःच तपशील दिले असतील, तर त्याने बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग खुला होता, पण कार्डामागचे तीन आकडे मीच भरले आहेत हे लिहून वर न्याय मागण्याइतका धीर मला झाला नाही. राहिलेली केवायसी २ एप्रिलला शाखेत जाऊन केली. आधार आणि पॅनच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती दिल्या, एक अर्ज भरला. पंधरा मिनिटे लागली.

माझा भाचा एका कंपनीत ईमेलचे सर्व्हर सांभाळतो. एप्रिलमधल्या एका रविवारी तो घरी आला, तेव्हा मी त्याला मेल दाखवला आणि यात काय चुकीचे आहे ते सांग म्हटले. त्याने मजकुराकडे पाहिलेसुद्धा नाही. पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'मला' असा शब्द आणि त्याच्या शेजारी एक बारीक खालच्या दिशेचा बाण असतो. त्याने त्यावर बोट ठेवले, तेव्हा इतका वेळ झाकलेला पत्ता उलगडला.

"मावशी, तू मजकूर वाचलास," तो म्हणाला, "पत्ता वाचलाच नाहीस."

बँकेचे नाव मी इथे देत नाही; ते 'अबक बँक' आहे असे धरू. बँकेचा त्या वेळचा खरा पत्ता 'अबकबँक डॉट कॉम'. मला आलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आणि बटणाखालीही होते 'अबकबँक डॉट कॉम डॉट केवायसी-सेवा डॉट टॉप'. वाचताना माझी नजर डावीकडून निघाली आणि ओळखीचे नाव लागताच थांबली. पुढचे काहीतरी संगणकी असेल असे गृहीत धरले. भाच्याचे म्हणणे असे की, हा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. माझ्या डोक्यात ते बसले ते टपालाच्या पत्त्यामुळे. 'मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. फलाणा' यात पत्र कुठे जाणार हे शेवटचा जिल्हा ठरवतो. आधी लिहिलेल्या वाडीचे नाव कोणी 'मुंबई' ठेवले म्हणून पत्र मुंबईला जात नाही. इथेही मालक कोण हे शेवटचे दोन तुकडे सांगतात, म्हणजे 'केवायसी-सेवा डॉट टॉप'. तेवढे एकदा विकत घेतले की त्याच्या डावीकडे काय लिहावे याला कोणाची परवानगी लागत नाही. बँकेचे नाव लिहावे, रिझर्व्ह बँकेचे लिहावे, माझे लिहावे. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' मधल्या दोन रेघा सोडून पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबायचे आणि तिथून मागे सरकत यायचे, एवढी एक सवय मी लावून घेतली. रेघेच्या पलीकडे बँकेचे नाव दहा वेळा आले तरी त्याला किंमत नाही.

पाठवणाऱ्याचे जे नाव मेलच्या वर ठळक दिसते, तेही लिफाफ्यावर कोणीही काहीही लिहावे तसे असते. मूळ पत्ता उलगडून पाहिला की बहुतेक वेळा काम भागते. त्याहून खोल जायचे असेल तर संगणकावर जीमेल उघडून 'मूळ संदेश दाखवा' हा पर्याय निवडावा लागतो. फोनवरच्या अॅपमध्ये तो नाही. तिथे वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा असतो. पहिली ओळ सांगते की, मेल ज्या सर्व्हरवरून आला त्याला त्या पत्त्याच्या मालकाने परवानगी दिलेली आहे की नाही. दुसरी सांगते की, मेलवर मालकाची अंकीय सही आहे आणि वाटेत कोणी मजकूर बदललेला नाही. तिसरी या दोहोंपैकी निदान एक निकाल आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतो का ते पाहते. मी मोठ्या उत्सुकतेने माझ्या मेलचा तक्ता उघडला, तर तिन्ही ओळींपुढे उत्तीर्ण! भाचा हसला. चोराने स्वतःच्या पत्त्याची कागदपत्रे चोख ठेवलेली होती, इतकाच त्याचा अर्थ. तक्ता फक्त एवढेच म्हणतो की, हा मेल खरोखर 'केवायसी-सेवा डॉट टॉप'कडूनच आला आहे. ते कोण लागून गेले, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. शेरा अनुत्तीर्ण असेल तर संशय घ्यायलाच हवा, पण उत्तीर्ण असेल तर पुन्हा पत्ताच वाचावा लागतो. पत्त्याच्या पट्टीतील कुलुपाच्या चित्राचेही तसेच: आपण भरलेली माहिती वाटेत दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही, एवढीच हमी ते देते. ती ज्याच्या हाती पडते तो बँक आहे की भामटा, याच्याशी कुलुपाचा संबंध नाही, आणि कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारे प्रमाणपत्र फुकट व काही मिनिटांत मिळते.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. बँकेच्या नावाने येणारा प्रत्येक मेल, खरा वाटो वा खोटा, तिच्यात नोंदवायचा: तारीख, वेळ, दिसणारे नाव, उलगडलेला पत्ता, बटणाखालचा पत्ता आणि शेवटी माझा निर्णय. संगणकावर बटणावर माउसचा बाण नुसता धरला की खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. फोनवर बोट दाबून ठेवावे लागते, आणि तिथे चुकून दाबले जाण्याची भीती असल्यामुळे मी हे काम संगणकावरच करते. ऑक्टोबरपर्यंत वहीत २३ खोटे मेल जमले. त्यांपैकी बऱ्याच मेलांत 'प्रिय ग्राहक' असा मायना होता, तर खऱ्या मेलांत माझे नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे असतात; पण हा नियमही पक्का धरता येत नाही, कारण दोन खोट्या मेलांत माझे पूर्ण नाव बरोबर लिहिलेले होते. कुठल्या तरी दुकानाच्या यादीतून ते गेले असेल.

एका मेलला 'खाते विवरण' नावाची जोडफाइल होती. बँकेचे खरे विवरण पीडीएफ असते आणि ते उघडण्यासाठी परवलीचा शब्द लागतो. ही फाइल मात्र एचटीएमएल होती, म्हणजे कागद नसून एक अख्खे वेबपानच मेलसोबत घरी पाठवलेले. भाच्याने जुन्या संगणकावर ती उघडून दाखवली, तेव्हा बँकेचे प्रवेशपान दिसले, पण वरच्या पट्टीत कुठल्याही संकेतस्थळाचा पत्ता नव्हता. होता तो त्याच संगणकातील फोल्डरचा. दुसऱ्या एका मेलमध्ये बटणच नव्हते, चौकोनी क्यूआर कोड होता, म्हणजे बाण धरून पत्ता पाहण्याची सोयच काढून घेतलेली. मे महिन्यात 'आपल्या सायबर तक्रारीचा परतावा मंजूर झाला आहे' असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने मेल आला. एकदा फसलेल्यांना परताव्याचे आमिष दाखवण्याची ही रीत असल्याचे भाच्याने सांगितले. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांचे बचत खाते उघडत नाही आणि कोणाच्या खात्यात परताव्याचे पैसेही टाकत नाही, हे मला ठाऊक होते. तरी क्षणभर हात थबकला, हे कबूल करते.

रोमन अक्षरांची एक गंमत मला माझ्या धंद्यामुळे लवकर दिसली. 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे चिकटून बसली की ती 'एम'सारखी दिसतात, आणि मोठा 'आय' व छोटा 'एल' काही टंकांत अगदी एकच. देवनागरीत 'ख' सैल जुळला की तो 'रव' वाचला जातो, त्यातलाच हा प्रकार. अशी जागा तपासण्याचा आमचा जुना उपाय म्हणजे मजकूर दुसऱ्या टंकात काढून पाहणे. मी संशयित पत्ता वर्डमध्ये चिकटवते, अक्षर २८ पॉइंटचे करते आणि टंक बदलते. चिकटवताना तो चुकून उघडू नये म्हणून एवढी काळजी घेते की, बोट माउसच्या उजव्या कळीवरून हलवत नाही.

वहीतले दोन मेल मराठीत होते. 'आपल्या खात्याला अवरोधित केले गेले गेलेले आहे' असे त्यांतल्या एकात वाचून, इतक्या महिन्यांनी का होईना आपली विद्या कामी आली, असे मला वाटले. तो आनंद आठवडाभर टिकला. नंतर माझ्याच बँकेचा एक खरा संदेश मराठीत आला, आणि त्याची भाषा त्या भामट्याच्या मराठीहून तसूभरही बरी नव्हती. भ्रष्ट मराठी हा खोटेपणाचा पुरावा मानायचा तर आपल्या निम्म्या बँका भामट्यांत मोजाव्या लागतील.

बँकांवर माझा राग आहे तो भाषेवरून मात्र नाही. जुलैमध्ये मला बँकेच्या नावाने एक मेल आला: क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे, ४८ तासांत खालील बटण दाबावे. पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेचा नव्हता, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचा होता. बटणाखाली आखूड केलेला, काहीच अर्थबोध न होणारा पत्ता होता. आणि घाई तर होतीच. माझ्या वहीच्या कसोट्यांनुसार हा मेल तिन्ही अंगांनी खोटा होता, म्हणून मी त्याची छापील प्रत घेऊन शाखेत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी ती प्रत दोनदा वाचली, शेजारच्या टेबलावर विचारले, वरच्या कार्यालयात फोन केला आणि वीस मिनिटांनी सांगितले, "काकू, आमचाच आहे हा. जाहिरातीचे मेल बाहेरच्या कंपनीमार्फत जातात." ज्या बँकेने मला 'अनोळखी जोडणी उघडू नये' असा संदेश दर महिन्याला पाठवला, तीच बँक मला अनोळखी जोडणी उघडायला सांगत होती, आणि बँकेच्या आतल्या माणसाला जे वीस मिनिटे ओळखता आले नाही, ते ग्राहकाने दोन सेकंदांत ओळखावे, नाही ओळखले तर निष्काळजीपणा त्याचा, अशी ही व्यवस्था आहे. बाईंवर माझा काही आक्षेप नाही. त्यांनी निदान विचारून पाहिले.

तेव्हापासून मी खरा-खोटा ठरवण्याच्या फंदात पडून मग बटण दाबायचे, हा क्रमच सोडून दिला. मेल खरा असला तरी त्यातले बटण दाबायचे नाही. मेल सांगतो ते काम खरोखर असेल, तर ते बँकेच्या अॅपमध्येही दिसेल किंवा मी स्वतःच्या हाताने पत्ता लिहून उघडलेल्या संकेतस्थळावरही दिसेल. तिथे नसेल तर शाखा आहेच. यामुळे एकदा व्याजदराची एक चांगली योजना हुकली, पण त्याचे मला फार दुःख झाले नाही. फोनमध्ये ओटीपी आपोआप वर आणून देण्याची सोयही मी बंद करून टाकली. आता सहा आकडे भरायचे तर संदेश उघडावा लागतो, आणि उघडला की तो वाचल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

वही मात्र चालू ठेवली, आणि तिची खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली. बँकांच्या नावाने होणारी फसवणूक कमी व्हावी म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले होते की, भारतातील बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता असेल. हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था तो फक्त बँकांनाच देणार, आणि सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तिथे हलवायची, असे ठरले. ही सुधारणा मला मनापासून आवडली. आधी शेवटचे दोन तुकडे वाचून मालक कोण याचा विचार करावा लागे. आता शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे की नाही, एवढे पाहिले की पुरते. पण बदलाच्या या काळात बँका 'आमचा पत्ता बदलला' असे खरेच कळवत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग इतरही कळवणार हे उघड होते.

२७ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, मेल आला: 'रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार आपली बँक नव्या सुरक्षित पत्त्यावर गेली आहे. ३१ ऑक्टोबरपूर्वी नव्या पत्त्यावर आपली नोंदणी निश्चित करावी.' माझे पूर्ण नाव होते. रिझर्व्ह बँकेचा निर्देश खरा होता, तारीख खरी होती, भाषा सफाईदार होती. पाठवणाऱ्याचा पत्ता उलगडला आणि उजवीकडून वाचू लागले. 'इन' बरोबर. त्याआधी टिंब, बरोबर. त्याआधी 'बँक', बरोबर. नजर पुढे 'अबक'वर गेली आणि पुढचे वाक्य वाचायला निघालीही, इतके ते सारे जुळलेले होते. पण प्रूफ वाचताना जसे बोट ओळीखालून सरकते तसे माझे बोट पडद्यावर होते, आणि ते 'बँक' व 'अबक' यांच्यामध्ये अडखळले. तिथे काहीच नव्हते. बँकेचा नवा पत्ता 'अबक डॉट बँक डॉट इन'. हा होता 'अबकबँक डॉट इन'. म्हणजे शेवटचे दोन तुकडे 'बँक डॉट इन' हे राखीव घर नव्हतेच. कोणीही चारआठशे रुपयांत विकत घ्यावा असा तो साधा 'डॉट इन' होता.

मी मेलची प्रत छापली, लाल पेनने दोन शब्दांच्या मध्ये काकपद, म्हणजे इथे काही सुटले आहे ही खूण, काढले आणि समासात एक टिंब देऊन त्याभोवती गोल केला. फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याने उत्तरादाखल हात जोडलेले चित्र धाडले आणि तो मेल बँकेच्या तक्रार पत्त्यावर जसाच्या तसा पुढे पाठवायला सांगितले. तक्रारीचा पत्ता मी मेलमधून घेतला नाही, बँकेच्या संकेतस्थळावरून घेतला.

दोन दिवसांनी बँकेचे उत्तर आले. आपली तक्रार मिळाली, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे, असा दोन ओळींचा ठरीव मजकूर होता. मायना 'प्रिय ग्राहक', आणि 'कार्यवाही'चे 'कारवाई' झालेले. मी नावाशेजारचा बाण दाबला आणि पत्ता उजवीकडून वाचला. टिंब जागेवर होते.